आधी दिवा, मग दावा

पोरी, नेट गेलं की तुझा हात थेट सेटिंग्जकडे धावतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. चार ठिकाणी बदल करून झाले की मूळ बिघाड कोणता आणि आपण वाढवलेला कोणता, हेच कळेनासं होतं. म्हणून तुझा विंडोजचा लॅपटॉप आणि घरचं फायबर कनेक्शन डोळ्यांपुढे ठेवून हे सांगते. क्रम मात्र मोडू नकोस.

१. फोनचा मोबाइल डेटा बंद कर आणि त्याच वायफायवर एखादं नवं पान उघड – उघडलं तर दुखणं लॅपटॉपचं, नाही उघडलं तर राउटरचं किंवा बाहेरच्या लाइनचं. डेटा चालू राहिला तर फोन टॉवरवरून पान आणेल आणि तू बिचाऱ्या लॅपटॉपच्या मागे लागशील.

२. प्लॅन संपला नाही ना, ते बघ – बिल थकलं तरी वायफाय जोडलेलंच दिसतं, कारण ते फक्त राउटरपर्यंतचं नातं आहे.

३. राउटरपाशी उठून जा आणि दिवे वाच. 'पॉन'चा दिवा स्थिर हिरवा हवा. 'एलओएस'चा लाल लुकलुकत असेल तर लॅपटॉपला हातही लावू नकोस – बाहेरून येणारा प्रकाशच राउटरपर्यंत पोचत नाहीये. कंपनीला फोन करशील तेव्हा 'नेट चालत नाही' म्हणण्याऐवजी 'एलओएस लाल आहे' असं सांग, पुढचे अर्धे प्रश्न टळतात. आधी दिवा, मग दावा.

४. फायबरची बारीक वायर खिळ्याला गुंडाळू नकोस, कपाटामागे चेपू नकोस – आत काचेचा धागा असतो, घट्ट वळण पडलं की प्रकाश तिथूनच निसटतो. आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, अजिबात नाही – तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

५. राउटर बंद करून अर्धा मिनिट थांब, चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं दे – लाइन जुळायला तेवढा वेळ लागतो. मागच्या बारीक 'रीसेट' भोकात पिन मात्र खुपसू नकोस – त्याने कंपनीच्या माणसाने भरलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात.

इथवर सगळं ठीक निघालं, तरच लॅपटॉप पुढ्यात घे.

६. आधी विमानाचं चित्र शोध – एअरप्लेन मोडचं बटण बऱ्याच लॅपटॉपांत वरच्या ओळीत असतं, आवाज कमी-जास्त करताना बोट त्यावर पडतं.

७. वायफायचं नाव दिसतंय पण जोडलं जात नाही, तर 'फरगेट' करून पासवर्ड नव्याने टाक – राउटरचा पासवर्ड बदलला तरी लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो.

८. तारीख आणि वेळ बघ – वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, लॅपटॉपचं घड्याळ चुकलं की ब्राउजर चांगल्या पानालाही धोकादायक ठरवतो. जुन्या लॅपटॉपची तारीख सारखी मागे जात असेल तर आतला नाण्याच्या आकाराचा सेल संपलाय, तो बदलून घे.

९. आतल्या खोलीत नेट रडतंय तर ५ गीगाहर्ट्झ सोडून २.४ वर जा – ५ वेगवान असतं पण भिंतींपुढे लवकर दमतं. २.४ ला मायक्रोवेव्हचा मात्र त्रास होतो, तेव्हा राउटर स्वयंपाकघरात नको.

१०. एवढ्याने भागलं नाही, तर हा कानमंत्र नीट ऐक. वाफ्यात पाणी आलं नाही की तुझे आजोबा पाटाच्या कडेने विहिरीकडे चालत जायचे. तसं आपण लॅपटॉपपासून बाहेर चालत जायचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' दे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही – लॅपटॉपने आपला आपण घेतलाय. तो ठीक असेल तर 'डिफॉल्ट गेटवे'समोरच्या आकड्याला पिंग कर, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला – ज्या पायरीवर उत्तर येईनासं होतं, बहुधा तिथेच बिघाड. ८.८.८.८ उत्तर देतंय आणि नाव मात्र सापडत नाहीये, तर दोष डीएनएसचा – तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरलंस की बहुतेक वेळा काम होतं.

११. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी चालू राहिली नाही ना, ते तपास – ऑफिसच्या वाटेने जायला सांगितलेला लॅपटॉप घरीही तीच वाट शोधतो. लॅपटॉप ऑफिसचाच असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना विचारूनच हात लाव.

१२. एका वेळी एकच बदल, आणि तो कागदावर – एक बदल, एक दखल; उपयोग नाही झाला तर मागे फिरता येतं.

१३. वायफायचं चिन्हच गायब असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पिवळा त्रिकोण शोध – तो ड्रायव्हर बिघडल्याची खूण. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलंस की नवा ड्रायव्हर उतरवायला नेट मिळतं.

१४. 'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी – त्याने साठवलेली सगळी वायफायं आणि त्यांचे पासवर्ड जातात.

१५. मदतीचा नंबर बिलावरूनच घे, सर्चमध्ये सापडला म्हणून फिरवू नकोस – खोट्या नंबरांचे सापळे तिथेच लावलेले असतात. कुणी स्क्रीन बघायचं अॅप टाकायला सांगितलं किंवा ओटीपी मागितला की फोन ठेव. पैसे गेलेच तर क्षणभरही न लाजता १९३० ला कळव – जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

१६. ग्राहक क्रमांक, कंपनीचा नंबर, वायफायचं नाव आणि पासवर्ड डायरीत लिहून ठेव, आणि ते आज, नेट चालू असतानाच – बंद पडल्यावर ते ज्या ई-मेलमध्ये आहेत तो उघडणारच नाही.