खाजेची ट्यूब : कुणाला औषध, कुणाला अपाय

आपल्या बऱ्याच घरांत फळीवर खाजेची एक अर्धी दाबलेली ट्यूब असते. वडिलांच्या जांघेतले गजकर्ण, लहानग्याचे इसब, मुलीच्या चेहऱ्यावरचे डाग, सगळ्यांना तीच. बंधू-भगिनींनो, त्या ट्यूबमध्ये काय असते ते आज समजून घेऊ.

अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही त्याची नावे. ट्यूबवर ती इंग्रजीत असतात, शाळेत जाणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या. यांत क्लोबेटासोल सर्वांत जहाल.

स्टिरॉइड त्वचेची सूज, लाली आणि खाज शमवते. म्हणून इसब आणि सोरायसिसला ते चांगले औषध आहे. डॉक्टरांनी दिले असेल तर भीतीने सोडू नका.

गजकर्ण मात्र बुरशीमुळे होते. स्टिरॉइडने खाज थांबते, पण बुरशी मरत नाही. त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरत जाते. मलम बंद केले की चट्टे पुन्हा उठतात. त्यांचे रूप बदलल्यामुळे डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते. गजकर्णाला बुरशीनाशक औषधच हवे, तेही सांगितलेले दिवस पूर्ण. टॉवेल व कपडे वेगळे ठेवा.

चेहऱ्याची कातडी नाजूक असते. गोरेपणासाठी स्टिरॉइड लावत राहिल्यास कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुम आणि लव वाढते, आग होते. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध कशाला?

लक्षात ठेवा :

• तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.
• फक्त चट्ट्यावर, सांगितले तेवढेच दिवस लावा.
• एकाची ट्यूब दुसऱ्याला देऊ नका.
• डोळ्यांजवळ किंवा बाळाच्या लंगोटाच्या जागी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.
• चेहऱ्यावर अनेक महिने लावत असाल तर डॉक्टरांना खरे सांगा. लाज वाटू देऊ नका.

2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. म्हणून मेडिकलवर “खाजेचे काहीतरी द्या” म्हणू नका. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. आणि आज घरी गेल्यावर आधी फळीवरची ती ट्यूब वाचा.