अशक्तपणाचे सामर्थ्य : मराठी कॅथलिक धर्मगुरूंच्या लेखनाचा एक विचार

‘अशक्तपणा’ हा शब्द मराठी माणसाला प्रथम आठवतो तो आजारपणाच्या संदर्भात. ताप उतरल्यावर अंगात जो उरतो तो अशक्तपणा. त्यावर पेज, विश्रांती आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले टॉनिक हे उपाय. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आपल्या देहात रुतलेल्या एका काट्याचा उल्लेख येतो. तो काढून टाकावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि ती मान्य झाली नाही. उलट याच उणिवेत दैवी शक्ती पूर्णत्वाला जाते, असे उत्तर त्याला मिळाले. या ठिकाणी मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतराने हाच घरगुती शब्द योजला आहे. संतवाङ्मयात मुरलेला ‘दैन्य’ हा शब्द हाताशी असूनही तो घेतलेला नाही. ही निवड जाणीवपूर्वक झाली की कसे, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिच्यामुळे घडलेला अर्थभेद अभ्यासकाने नजरेआड करू नये.

दैन्य ही भक्ताने स्वीकारलेली भूमिका आहे. प्रस्तुत लेखक सूस येथे राहावयास आल्यापासून सप्ताहातील कीर्तने ऐकत आला आहे. करुणापर अभंग सुरू झाला की श्रोते सावरून बसतात, टाळकऱ्यांचा ठेका संथ होतो, आणि स्वतःस हीन म्हणवून घेणाऱ्या संतवाणीत श्रोत्यांना एक प्रकारचा आनंद लाभतो. या दैन्याला परंपरा आहे, चाल आहे. अशक्तपणाला यांतील काहीच नाही. तो निवडता येत नाही, तो येतो. पौलाचा काटा हा साधनेचा भाग नव्हता, साधनेतील अडथळा होता. या अडथळ्यातूनच बळ मिळते, हे म्हणणे म्हणूनच दैन्याहून अधिक अडचणीचे आहे, आणि ते सर्वाधिक अडचणीचे ठरते ते धर्मगुरूच्या बाबतीत.

याचे कारण कॅथलिक धर्मगुरूच्या पदात आहे. दीक्षाविधीने त्याला वेदीवर उभे राहण्याचा आणि पापक्षमा जाहीर करण्याचा अधिकार मिळतो. आफ्रिकेतील डोनाटसपंथीयांशी झालेल्या वादात संत ऑगस्टीनने जी भूमिका मांडली, तिच्यानुसार संस्काराची ग्राह्यता तो देणाऱ्याच्या वैयक्तिक पावित्र्यावर अवलंबून नसते. संस्कार मुळात ख्रिस्ताचा असतो. सामान्य भाविकाला या सिद्धांताने मोठाच आधार दिला. साहित्याच्या दृष्टीने मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो. धर्मगुरूच्या दुर्बलतेने संस्काराला बाध येत नाही, म्हणजे तिच्याविषयी बोलण्याचे कारणही उरत नाही. स्वतः धर्मगुरूही दुसऱ्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतो (गोव्याकडे ‘कुमसार’ म्हणतात ते हेच), पण ते गुप्त असते. ते कागदावर यावे कसे?

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि पुढील जवळजवळ चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत राहिले. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची सुमारे अकरा हजार ओव्यांची रचना दोन पुराणांत विभागलेली आहे. दुसऱ्या पुराणातील यातनांचे आख्यान हा तिचा गाभा होय. पुराणाच्या श्रोत्याला देव जिंकताना पाहण्याची सवय असते. त्याला फटके खाणारा, थुंकी झेलणारा देव सांगणे ही साधी कामगिरी नव्हती, आणि स्टीफन्सनी ती ओवीच्या लयीला धक्का न लावता पार पाडली आहे. परंतु ग्रंथाची चौकट पाहावी. नवख्रिस्ती श्रोता शंका विचारतो, पाद्री उत्तर देतो. शंका श्रोत्याच्या, यातना ख्रिस्ताच्या. पाद्रीच्या वाट्याला केवळ ज्ञान येते. पुराण या वाङ्मयप्रकारात निवेदकाचा अशक्तपणा मावत नाही.

वास्तवात तो मावला नव्हता असे मात्र नाही. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे चार जेझुइट सहकारी मारले गेले, तेव्हा स्टीफन्स गोव्यातच होते. निःशस्त्र धर्मगुरूंचे मरण म्हणून ही घटना हौतात्म्याच्या परंपरेत गेली. पण त्यापूर्वी त्या परिसरातील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती, आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून ठार करण्यात आले. पाच जेझुइट निर्बल होते, त्यांच्या पाठीशी असलेली सत्ता निर्बल नव्हती. दुर्बलतेचे अध्यात्म सत्तेच्या छायेत उच्चारले जाते तेव्हा त्याचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न टाळून या काळातील ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा अभ्यास होऊ शकणार नाही. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुवा यांचे संत पेत्रावरील पुराण १६२९ ते १६३४ या काळात प्रसिद्ध झाले. त्याचा नायक गुरूला तीनदा नाकारून ढसढसा रडणारा कोळी आहे. रडल्यानंतरच तो मेंढपाळ होण्यास पात्र ठरतो. याहून नेमका विषय कोणता? तरीही हिंदू दैवतांचे खंडन करताना या ग्रंथाचा आवाज विजेत्याचा आहे. नायकापासून कवी काही शिकला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

हा आवाज बदलण्यास वाङ्मयप्रकार बदलावा लागला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २५ जुलै २०२४) हे १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’चे संपादक होते. हरित वसईच्या चळवळीत ते अग्रभागी होते आणि ‘सुबोध बायबल’ हे त्यांचे मोठे काम. सत्तेची छाया येथे नाही. अल्पसंख्य समाजातील एक धर्मगुरू बहुसंख्य वाचकांच्या भाषेत लिहितो आहे. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘नाही मी एकला’. हे शीर्षक सावकाश वाचावे. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य सोडून जाणार हे जाणून येशू जे बोलतो, त्याचे स्मरण त्यात आहे. पण नकार प्रथम उच्चारला गेल्याने एकलेपणाची कबुलीही त्यातच आहे. ज्याला एकलेपण ठाऊक नाही, तो ते नाकारीत बसत नाही. ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने प्रथमपुरुषी एकवचनात हे म्हणणे, ही स्टीफन्सच्या पाद्रीला न सुचणारी गोष्ट होती.

दिब्रिटोंच्या गद्यात प्रवचनकार मधूनमधून डोके वर काढतो, हे मान्य केले पाहिजे. दुःखाचा अर्थ लावण्याची त्यांना घाई होते. धर्मगुरूला ती नेहमीच होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका पाद्रीची निवड झाली म्हणून विरोधाचे सूरही उठले होते. त्यात पाठीचे दुखणे विकोपास गेलेले. अशा शरीराने ते व्यासपीठावर आले आणि बोलले. ज्यांनी तो प्रसंग पाहिला त्यांना पौलाच्या पत्रातील तो घरगुती शब्द आठवला असल्यास नवल नाही. बोलणारा माणूस तेथे आपल्या पदामुळे उंच दिसत नव्हता.

‘सुवार्ता’च्या जुन्या अंकांत वसईच्या इतर धर्मगुरूंचेही लेखन विखुरलेले आहे. त्यांतील संपादकीये आणि स्फुटे शेजारी शेजारी ठेवून ‘आम्ही’ कोठे संपतो आणि ‘मी’ कोठे सुरू होतो, एवढेच जरी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने नोंदविले, तरी येथे केवळ दोन-तीन ग्रंथांवरून मांडलेले म्हणणे कितपत टिकते ते पाहता येईल.