काळें हाड व जळकें हाड

प्राचीन गुहेंत जनावराचें काळें हाड सांपडलें, कीं तेथें मनुष्यानें अग्नि पेटविला असें आपण चटकन् म्हणतों. परंतु ओल्या मातींतील मँगेनीज ह्या धातूचें पुट चढूनही हाड तसेंच काळें दिसतें. मग ओळखावें कसें? तुटलेली कड पाहावी. मातीचा डाग बहुधा वरच्यावर, पुष्कळदां ठिपक्याठिपक्यांचा असतो. पुरतें करपलेलें हाड आंतूनही काळें असतें.

चीनमधील पेकिंगजवळच्या झोउकोउद्यान गुहेंत अग्नीचा पुरावा असल्याचें डेव्हिडसन ब्लॅक ह्यांनीं १९३१ सालीं मांडलें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत कांहीं हाडें खरोखरच भाजलेलीं ठरलीं. राख म्हणून मानलेली माती मात्र राख निघाली नाहीं, चूलही आढळली नाहीं. हाड भाजलें एवढें हाड सांगतें. कोणी भाजलें, हें आम्हांस त्यावरून कळत नाहीं.