हाडांचे औषध आणि हृदयाची जखम

निपाणीच्या वखारींत तंबाखू निवडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा आज्या आपल्या परिसरात पुष्कळ आहेत. कोणाची कंबर वाकलेली, कोणाचे मनगट घसरून पडल्याने मोडलेले. आणि एखादीला हृदयविकाराचा झटकाही येऊन गेलेला. (मिश्रीची सवय हाडांना आणि हृदयाला सारखीच वैरीण, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) अशा आजीला हाडांचे औषध द्यावे काय, या प्रश्नाचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जुने हाड कुरतडणाऱ्या व नवे रचणाऱ्या पेशी त्यात अहोरात्र कामाला असतात. उतारवयात कुरतडणे वरचढ झाले की हाडे ठिसूळ होतात. बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे हाडाला चिकटून बसतात आणि ते कुरतडावयास आलेल्या पेशींनाच निकामी करतात. युक्ती मोठी चतुर खरी!

आता हृदयाकडे वळू. रक्तवाहिनी तुंबली की हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. तो जवळजवळ पुन्हा उगवतच नाही. त्या जागी वण धरतो. परंतु तत्पूर्वी मेलेला भाग दूर सारावा लागतो, व ते काम रक्तातून येणाऱ्या भक्षक पेशी करतात. नवल असे की, या भक्षक पेशी आणि हाड कुरतडणाऱ्या पेशी एकाच कुळातील, जणू चुलत भावंडेच. मग एकीला मारणारे औषध दुसरीला सोडील काय?

२००७ साली बोस्टन येथील संशोधकांनी उंदरांच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधली आणि याच वर्गातील क्लोड्रोनेट हे औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून त्यांना टोचले. भक्षक पेशींनी त्या पिशव्या गिळल्या व त्या मेल्या. परिणामी मृत स्नायू तसाच पडून राहिला. आणि औषध काही दिवस उशिरा दिले, तेव्हा वणाची वीण विरळ झाली.

एवढ्यावरून कोणी आजीच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत. त्या पिशव्यांवाचून हे औषध भक्षक पेशींत सहज शिरत नाही; रक्तातून ते बहुतांशी हाडात जाते अथवा मूत्रावाटे बाहेर पडते.

अधिक जपावे लागते ते रोमोसोझुमॅब या नव्या इंजेक्शनाबाबत. ते हाड रचण्याच्या कामाला वेग देते. २०१७ साली ४,०९३ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षात हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार हे औषध घेणाऱ्यांत २.५ टक्के, तर जुने अलेंड्रोनेट घेणाऱ्यांत १.९ टक्के आढळले. ७,१८० स्त्रियांवरील दुसऱ्या चाचणीत, जेथे तुलना निव्वळ औषधहीन इंजेक्शनाशी होती, असा फरक दिसला नाही. तेव्हा दोष नव्या औषधाचा की गुण जुन्याचा, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. तरीही २०१९ साली अमेरिकेने त्यास परवानगी देताना ठळक इशारा छापावयास लावला: गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका आलेल्यांना हे देऊ नये.

म्हणून आजीला हाडांसाठी बेळगावला नेताना हृदयाचे जुने कागदही पिशवीत असू द्यावेत. झटक्याला किती महिने झाले, हे डॉक्टरांना त्यांवरूनच कळेल.