कुठे थांबायचं ते आधी ठरव

चाळीसगाव

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र आणि कॉम्प्युटरवरच्या मॉडेलची चित्रं मिळाली. आपल्याच गावात, तितूर नदीच्या काठाजवळ होणाऱ्या दुमजली हॉस्पिटलचं काम तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. चित्रांत दाराच्या बिजागरीचे स्क्रूसुद्धा दिसतात. मेहनत कळते. पण ड्रेनेजचा पाइप मात्र स्लॅबखालून सरळ आडवा गेलाय, त्याला उतारच नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

तू विचारतेस, सगळं मॉडेल एलओडी ४०० ला, म्हणजे तपशिलाच्या त्या पातळीला, न्यायला सांगितलंय, तेवढं लागतं का? नाही लागत. मुळात आख्ख्या मॉडेलला एकच आकडा लावायचा नसतो. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने २००८ साली हे आकडे करारनाम्यात आणले, ते एकेका घटकासाठी. १०० म्हणजे नुसती खूण, २०० म्हणजे अंदाजे आकार, ३०० म्हणजे नक्की माप आणि नक्की जागा. ३५० ही पायरी नंतर आली; तिच्यात तो घटक शेजारच्याशी कसा जोडला जातो तेही येतं, आणि ४०० म्हणजे फॅब्रिकेटरला थेट बनवायला देता येईल इतकं. ५०० चा बारकाव्याशी संबंधच नाही. बांधून झाल्यावर जागेवर मोजून खात्री केली, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा एकाच मॉडेलमध्ये पार्टिशनची भिंत २०० वर आणि जिन्याचं रेलिंग ४०० वर असायला काहीच हरकत नाही. आयएसओ १९६५० हे मानक २०१८ साली आलं. त्यातही हेच आहे, की गरज भागेल तेवढी किमान माहिती द्यावी, त्यापुढची वाया जाते.

मग गरज कशी ओळखायची? प्रत्येक वस्तूपुढे थांबून विचार, की ही बघून कोण, कधी, काय ठरवणार आहे? तो पाइपच घे. ११० मिलिमीटरचा पाइप साठात एक उताराने सहा मीटर नेला की शेवटी दहा सेंटिमीटर खाली येतो. वाटेत बीम आला, तर पाइप त्याच्या खालून घ्यायचा आणि फॉल्स सीलिंग खाली आणायचं, की मार्गच बदलायचा, हे आज ठरलं पाहिजे. बीममधूनच न्यायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून काँक्रीट ओतण्याआधी स्लीव्ह ठेवावी लागते. नाहीतर प्लंबर ब्रेकर घेऊन येतो आणि सळई तुटते. उतार मॉडेलमध्ये हवाच. नळाचं तसं नाही. कंपनीच्या फाइलमधला नळ आतल्या आट्यांसकट येतो आणि मॉडेल जड करतो. ते आटे बघून सायटीवर कुणीही काहीच ठरवत नाही. तिथे साधा ठोकळा ठेव, कनेक्शनची उंची आणि नळाचा प्रकार लिही.

सळईचंही असंच. साऱ्या स्लॅबची जाळी काढत बसू नकोस. बारबेंडिंग शेड्यूल फिटरला पुरतं. पण २३० मिलिमीटर रुंदीच्या कॉलममध्ये जिथे चारही बाजूंचे बीम येऊन मिळतात, तो सांधा एकेक सळई, एकेक रिंग खऱ्या जाडीने दाखवून काढ. ४० मिलिमीटरची व्हायब्रेटरची सुई आत शिरते का बघ. शिरत नसेल तर काँक्रीटमध्ये पोकळ्या राहणार, आणि त्या सेंटरिंग खोलल्यावरच दिसणार.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. जे ठाऊक नाही ते रेखीव काढू नकोस. आपल्याकडच्या एका सायटीवर फुटिंग दीड मीटर खोलीवर, पूर्ण सळईसकट, इतकं सुंदर काढून आलं होतं की कंत्राटदाराने त्यावरून सळई कापून घेतली. माती तपासायचे खड्डे कुणी घेतलेच नव्हते. काळी माती खाली आणखी खोलपर्यंत निघाली, फुटिंग बदललं, कापलेली सळई पडून राहिली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरूम किंवा खडक कुठे लागतो हे कळेपर्यंत फुटिंग २०० वरच राहू दे, आणि ‘अंदाजे, माती तपासणी बाकी’ असं त्यावर ठळक लिही. स्क्रीनवर नीटनेटकं दिसलं की माणसं ते पक्कं धरतात. याची जबाबदारी काढणाऱ्यावर येते.

उलट काही तपशिलाला आकार लागतच नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरी आणि तितूर या नद्यांना पूर आला, बाजारपेठेत पाणी शिरलं. तुझ्या प्लॉटवर ते कुठपर्यंत चढलं होतं? शेजारच्या भिंतीवरची खूण विचारून घे, लेव्हल लावून मोज, आणि मॉडेलमध्ये एक आडवी रेषा ओढ. जोत्याची उंची, जनरेटरचा ओटा, इलेक्ट्रिक पॅनेल, ऑक्सिजनची खोली, हे सगळं त्या एका रेषेवरून ठरेल. तुझ्या मॉडेलमध्ये ती अजून नाही.

दिवाळीच्या सुटीत पाटणादेवीजवळच्या जुन्या देवळाचं मॉडेल करायचं म्हणतेस. जरूर कर, पण कशासाठी ते आधी ठरव. दुरुस्तीसाठी असेल तर दगडादगडामधला सांधा आणि कुठला दगड सरकलाय ते हवं. आवारातली वाट आखायची तर बाह्याकृती पुरे. लेझर स्कॅनने पृष्ठभाग मिळेल, भिंतीच्या पोटात काय आहे ते मिळणार नाही. तिथे अंदाजाने दगड रचू नकोस. तिथल्या शिलालेखाचंही तसंच. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याची नोंद असलेला पाटणचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याची अक्षरं मॉडेलमध्ये कोरायला जाऊ नकोस. तिरप्या उजेडात काढलेला स्पष्ट फोटो जोड. वाचणाऱ्याला तोच उपयोगी.

हॉस्पिटलसाठी एक कागद तयार कर. घटक कोणता, तो कुणाला लागणार, कधी, आणि त्यावरची माहिती मोजलेली की अंदाजाची. त्यावर तुझ्या ऑफिसातल्या सरांची आणि कंत्राटदाराची सही घे. मातीचे खड्डे मात्र याच आठवड्यात घ्यायला सांग. एकदा पाऊस लागला की नदीकाठच्या काळ्या रानात मशीन उतरत नाही.

तुझा
मामा