रिसीव्हरला इअरबड्स का जुळत नाहीत?

प्रश्न : होम थिएटरच्या रिसीव्हरवर मोबाइलमधली गाणी ब्लूटूथने छान वाजतात, पण रात्री ऐकायला वायरलेस इअरबड्स काही केल्या जुळत नाहीत. दोष कशात?

उत्तर : बहुधा कशातच नाही. बरेच रिसीव्हर ब्लूटूथवरून आवाज फक्त घेतात, पाठवत नाहीत. इअरबड्सही घेणारेच. मग देणार कोण?

आधी सेटिंगमध्ये ‘ब्लूटूथ ट्रान्समीटर’ हा पर्याय शोधा. डेनॉनच्या काही मॉडेलांत तो असतो. सापडला तर चालू करा. मोबाइलचे ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर इअरबड्स आधी त्यालाच जोडले जातात. मग इअरबड्सच्या डबीवरचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा.

पर्याय नसेल, तर वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर घेऊन हेडफोन जॅकला लावा. हा जॅक बहुधा ६.३ मिमीचा असतो, ट्रान्समीटरची पिन ३.५ मिमीची, मध्ये अ‍ॅडॅप्टर लागेल. पिन घातली की स्पीकर सहसा आपोआप बंद होतात.

चित्रपटात ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो, असे झाल्यास रिसीव्हरच्या सेटिंगमधला ‘लिप सिंक’ (आवाजाचा विलंब) शून्यावर आणा. ब्लूटूथचा स्वतःचा उशीर मात्र उरतोच. गाण्यांसाठी ट्रान्समीटर पुरेसा आहे; रोज चित्रपट पाहणार असाल, तर वायरचा हेडफोनच बरा.