इसहाक व रिबका यांचें मौन

(पाठ : उत्पत्ति २४ ते २७)

इसहाकानें ४० व्या वर्षीं रिबकेशीं लग्न केलें व तिजवर प्रीति केली. पुढें मात्र पिता एसावाकडे व माता याकोबाकडे वळली. आशीर्वादाचा बेत इसहाकानें एसावालाच सांगितला. रिबकेनें तो ऐकला, परंतु पतीला कांहींच न विचारतां त्याला फसविलें. शेवटीं ती त्याच्याशीं बोलली (२७:४६), तेव्हांही एसाव भावाचा जीव घेणार हें खरें भय तिनें लपविलें. याकोब परागंदा झाला.

आमच्या मंडळ्यांतील कित्येक तरुण दांपत्यांत प्रीति आहे, पण बोलणें नाहीं. निरोप सासूच्या तोंडीं जातात. बंधूंनो, आज प्रार्थनेपूर्वीं पत्नीला विचारा, “तुझ्या मनांत काय आहे?” आणि तिचें उत्तर संपेपर्यंत उगे राहा.